लाव्हा गोलेम: ३००० अटॅक आहे, पण कुणाच्या बाजूला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. यू-गी-ओ! या कार्डांच्या खेळातला तुमचा डेक फायर मॉन्स्टर्सचा, त्यात मुख्य भरणा 'व्होल्कॅनिक' नावाच्या कुटुंबातल्या जुन्या कार्डांचा. लाव्हा गोलेमच्या तीन कॉपी तुमच्याकडे आहेत. एक मित्र म्हणतो, तिन्ही घाल, फायरचाच आहे आणि अटॅक ३००० आहे. दुसरा म्हणतो, समोरच्याला आयता ३०००चा मॉन्स्टर देणारं कार्ड शहाण्याने हातात धरू नये. तुम्हाला विचारायचंय ते एवढंच: कार्ड कामाचं आहे का, आणि असेल तर किती ठेवायची?

माझं उत्तर: मेन डेकात एकही नको, साइड डेकात (दोन डुएलच्या मध्ये बदलून घ्यायच्या राखीव कार्डांत) दोन. तुमचे दोन्ही मित्र एकाच आकड्याकडे बघून भांडतायत, आणि या कार्डावरचा सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा तोच आहे.

कार्ड काय सांगतं ते आधी नीट बघू. लेव्हल ८, ॲट्रिब्यूट फायर, टाइप फीन्ड, अटॅक ३०००, डिफेन्स २५००. नॉर्मल समन (टर्नला सहसा एकदाच मिळणारं, हातातून मॉन्स्टर मांडणं) किंवा सेट (पालथा मांडणं) करता येत नाही. समोरच्याच्या ताब्यातले दोन मॉन्स्टर ट्रिब्यूट करायचे, म्हणजे बळी देऊन फील्डवरून काढायचे, आणि हातातला गोलेम समोरच्याच्याच फील्डवर स्पेशल समन करायचा. गोलेम ज्याच्या ताब्यात, त्याला त्याच्या स्वतःच्या स्टँडबाय फेजमध्ये (टर्नच्या सुरुवातीच्या टप्प्यात) १००० डॅमेज. आणि ज्या टर्नला तुम्ही गोलेम टाकता त्या टर्नला तुम्हाला नॉर्मल समन नाही, सेटही नाही. आधी नॉर्मल समन करून मग गोलेम टाकू म्हणाल, तर तेही चालत नाही. इंग्रजीत हे कार्ड २००३मध्ये फॅरोनिक गार्डियन सेटमधून आलं, त्यामुळे जुन्या छपाईतला मजकूर थोडा लांबलचक आणि संदिग्ध वाटतो. कार्डांची वाक्यरचना २०११पासून नव्याने बांधली गेली. वाद झाला तर जुन्या प्रतीवरची ओळ दाखवू नका, आताचा अधिकृत मजकूर धरा.

आता मूल्यमापन. हे कार्ड मॉन्स्टर म्हणून तोलायचं नाही. तुमच्या बाजूने तो सहसा लढत नाही, तुम्हाला वाचवत नाही, तुमच्या कुठल्या समनचं मटेरियल होत नाही. तो समोरच्याची दोन कार्डं उचलण्याचं साधन आहे, आणि उचलताना मागे एक धोंड ठेवून जातो. म्हणून विचारायचे प्रश्न चार: काय जातं, काय उरतं, मला काय मोजावं लागतं, आणि कधी हे कार्ड हातात नुसतं कुजत बसतं.

काय जातं, इथे गोलेम खरोखर भारी आहे. ट्रिब्यूट हा इथे कुठल्या इफेक्टचा भाग नाही, समन करण्याची अट आहे. म्हणजे चेन (इफेक्टला इफेक्टने उत्तर द्यायची साखळी) सुरूच होत नाही. समोर इफेक्ट रद्द करणारा मॉन्स्टर बसलाय? त्याला रद्द करायला काही मिळतच नाही. 'या कार्डावर इतर कार्डांच्या इफेक्टचा परिणाम होत नाही' असं लिहिलेला बॉस मॉन्स्टर? इफेक्ट नाहीच, त्यामुळे तोही जातो. टार्गेट करता येत नाही, नष्ट करता येत नाही, ही सगळी कवचं इथे निकामी. अपोक्लिफोर्ट टॉवर्ससारख्या मॉन्स्टरपुढे अख्खा डेक हतबल होतो, तिथे लाव्हा गोलेम त्याला शेजाऱ्यासकट शांतपणे ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) पाठवतो. नवे खेळाडू 'नष्ट होत नाही' वाचून थांबतात. जुना खेळाडू विचारतो, ट्रिब्यूट करता येतो का? बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं.

हे थांबवायचे मार्ग मोजके. मास्क ऑफ रिस्ट्रिक्टसारखं कार्ड फील्डवर असेल तर कुणालाच ट्रिब्यूट करता येत नाही. स्पेशल समनच बंद करणारं काही असेल तर अर्थातच नाही. राहिलं सॉलेम जजमेंटसारखं, समन रद्द करणारं कार्ड. त्यातली गंमत अनेकांच्या लक्षात येत नाही: समन रद्द झालं तरी ट्रिब्यूट झालेले दोन मॉन्स्टर परत येत नाहीत. ते आधीच गेलेले असतात. म्हणजे समोरच्याने अर्धे लाइफ पॉइंट मोजून तुमचा गोलेम अडवला, तर त्याचे दोन मॉन्स्टर गेले, लाइफ पॉइंट गेले आणि गोलेमही त्याच्याकडे आला नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. समोरचा जाणता असेल तर तो गोलेमवर सॉलेम जजमेंट सहसा वापरणारच नाही.

निबिरू या दुसऱ्या मॉन्स्टर कार्डाशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. निबिरूही ट्रिब्यूट करवतो, तोही फील्ड झाडून काढतो, पण ते सगळं त्याच्या इफेक्टमध्ये घडतं. म्हणून तो रद्द होऊ शकतो, आणि परिणाम न होणारा मॉन्स्टर त्यातून वाचतो. निबिरू समोरच्याच्या टर्नमध्ये चालतो हा त्याचा मोठा फायदा. गोलेम तुमच्याच टर्नची वाट बघतो, पण आला की त्याला जवळपास कुणी विचारू शकत नाही.

आता हिशोब. तुमच्या हातातलं एक कार्ड गेलं. समोरच्याचे दोन गेले आणि एक आला, म्हणजे निव्वळ एक कमी. एकास एक. हे वाईट नाही. फायरमधलाच दुसरा असा मॉन्स्टर म्हणजे डोगोरान, द मॅड फ्लेम कायजू. तोही लेव्हल ८, अटॅक ३०००, फक्त डिफेन्स १२००. तो समोरच्याचा एकच मॉन्स्टर ट्रिब्यूट करून येतो, म्हणजे समोरच्याच्या फील्डवरची संख्या तेवढीच राहते आणि तुमचं एक कार्ड कमी होतं. कार्डांच्या मोजणीत डोगोरान तोट्याचा. पण तो तुमचा नॉर्मल समन घेत नाही, आणि समोर एकच मॉन्स्टर असला तरी चालतो. दुसऱ्या टोकाला रा-चा स्फिअर मोड: समोरचे तीन खातो, वर काही काळाने तुमच्याकडे परतही येतो, पण तो स्वतःच तुमचा नॉर्मल समन असतो. गोलेम या दोघांच्या मधला. नॉर्मल समनचा हक्क जातो आणि बदल्यात फील्डवर तुमच्या बाजूला काहीच येत नाही. माझ्या मते कार्डाची खरी किंमत हीच आहे, ३०००चा मॉन्स्टर दुसऱ्याला देणं ही नव्हे.

तुमच्या डेकाला ही किंमत कितपत परवडते? व्होल्कॅनिक रॉकेट घ्या. नॉर्मल किंवा स्पेशल समन झाला की तो डेकातून किंवा ग्रेव्हयार्डमधून ब्लेझ ॲक्सिलरेटर कार्ड हातात आणतो. जुन्या व्होल्कॅनिक डेकात तो फील्डवर येतो मुख्यतः नॉर्मल समननेच. ज्या टर्नला गोलेम टाकाल त्या टर्नला रॉकेट हातात बसून राहणार. बरं, ॲक्सिलरेटर आधीच फील्डवर आहे असं धरू. गोलेमने दोन उचलले, मग ॲक्सिलरेटरने हातातला व्होल्कॅनिक शेल ग्रेव्हयार्डमध्ये पाठवून गोलेमलाच नष्ट केलं. फील्ड मोकळं! पण ॲक्सिलरेटरचा हा इफेक्ट वापरला की त्या टर्नला अटॅक नाही. म्हणजे समोरचं मैदान साफ केलंत आणि त्यात पाऊल टाकायला बंदी. समोरचा पुढच्या टर्नला नवा डाव मांडतो, १००० डॅमेजही चुकतं, कारण गोलेम त्याच्या स्टँडबाय फेजपर्यंत जगलाच नाही.

इथेच कार्डाचा मुख्य पेच आहे. गोलेमचे दोन भाग एकमेकांना ओढतात. एक भाग म्हणतो, दोन अडथळे काढ, गोलेमलाही लगेच बाजूला कर आणि मोकळ्या फील्डवर अटॅक कर. दुसरा म्हणतो, गोलेमला तिथेच राहू दे, दर टर्नला १००० जळू दे. दोन्ही एकदम मिळत नाहीत. कार्ड डेकात घालायच्या आधी यातला कुठला भाग आपण वापरणार हे ठरवावं लागतं. तुमचा डेक दोन्हींच्या मध्ये अडकलेला आहे, म्हणून मेन डेकात मला तो पटत नाही.

डॅमेजचा भाग आधी. लाइफ पॉइंट ८०००, दर वेळी १०००. एकट्या गोलेमने मारायचं म्हटलं तर समोरच्याचे आठ टर्न लागतील, आणि आजच्या वेगात आठ टर्न कुणी कुणाला देत नाही. पहिलं १००० मात्र जवळपास नक्की असतं, कारण गोलेम तुमच्या टर्नमध्ये येतो आणि समोरच्याचा स्टँडबाय फेज त्याच्या मेन फेजच्या आधी. त्याला आपल्या टर्नमध्ये हालचाल करायच्या आधीच चटका बसतो. दुसरं १००० क्वचित. तोवर गोलेम कुठल्यातरी लिंक समनमध्ये (फील्डवरचे मॉन्स्टर मटेरियल म्हणून वापरून नवा लिंक मॉन्स्टर आणण्यात) खर्च झालेला असतो. म्हणून कार्डावरच्या आगीची किंमत मी एकदाच १००० एवढीच धरतो, त्याहून एक पैसा जास्त नाही.

अपवाद पूर्ण बर्न डेकाचा, म्हणजे अटॅकऐवजी अशा थेट डॅमेजवर जिंकणाऱ्या डेकाचा. ग्रॅव्हिटी बाइंड असेल तर लेव्हल ४ आणि त्यावरचे मॉन्स्टर अटॅक करू शकत नाहीत. लेव्हल लिमिट एरिया बी त्यांना डिफेन्समध्ये लोटतं. मेसेंजर ऑफ पीस १५०० आणि त्याहून जास्त अटॅक असलेल्यांना रोखतं. गोलेम लेव्हल ८ आणि अटॅक ३०००, त्यामुळे तिन्हींत सापडतो. तिथे तो समोरच्याच्या गळ्यातलं लोढणं होतो: लढता येत नाही, टाकता येत नाही, दर टर्नला जळतो. जुन्या काळी ही जोडी भयंकर होती. लिंक समन आल्यावर, २०१७ नंतर, तिची धार बोथट झाली. लिंक मॉन्स्टरला लेव्हलच नसते, त्यामुळे पहिली दोन कार्डं त्याला अडवत नाहीत, आणि तो बनवायला गोलेमच मटेरियल म्हणून वापरता येतो. समोरच्याला आता नकोसं ओझं खपवायला जागा आहे. कार्डावरचा मजकूर तोच राहिला, भोवतालच्या नियमांनी त्याचं वजन बदललं. जुन्या कार्डांबद्दल कुणी 'तेव्हा हे अजिंक्य होतं' म्हणालं की म्हणूनच मी विचारतो, तेव्हा समोरचा गोलेमचं काय करू शकत होता?

आता फील्ड मोकळं करण्याचा भाग. इथे एक बारीक गोष्ट पदरात पडते. डोगोरानसारखा कायजू समोरच्याच्या फील्डवर अटॅक पोझिशनमध्येच येतो, तसं त्याच्या मजकुरात लिहिलंय. गोलेमच्या मजकुरात असं काही नाही, त्यामुळे तो फेस-अप डिफेन्समध्येही ठेवता येतो. याचा अर्थ ओलांडायला ३००० नको, २५०० पुरे. २६०० अटॅकचा मॉन्स्टर त्याला सरळ पाडतो. मात्र डिफेन्समधल्या मॉन्स्टरवर अटॅक करून समोरच्याचे लाइफ पॉइंट कमी होत नाहीत, हेही धरा. तुमच्याकडे त्या टर्नला ३०००हून मोठा अटॅक तयार होत असेल तर अटॅक पोझिशन, नाहीतर डिफेन्स. अनेक जण सवयीने कार्ड उभं ठेवतात आणि मग तोच गोलेम पुढच्या टर्नला त्यांच्यावर चालून येतो. डिफेन्समध्ये ठेवला तरी समोरचा आपल्या टर्नमध्ये त्याची पोझिशन बदलू शकतो. त्यामुळे फील्ड साफ केल्यावर त्याच टर्नला काही साधणार नसेल तर गोलेम टाकणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कुठले दोन उचलायचे, हेही वाटतं तेवढं सोपं नाही. उदाहरण घ्या. समोर चार मॉन्स्टर आहेत: इफेक्ट रद्द करणारा एक मोठा सिंक्रो, परिणाम न होणारा एक बॉस, कॉम्बोतून उरलेला एक लिंक-१, आणि आय:पी मास्करेना. पहिली प्रतिक्रिया असते, दोन मोठे उचला. थांबा. मास्करेना तुमच्या मेन फेजमध्ये लिंक समन करू शकते, स्वतःला आणि इतर मॉन्स्टर्सना मटेरियल करून. तुम्ही दोन मोठे उचललेत आणि गोलेम दिलात, की समोरचा मास्करेना आणि गोलेम वापरून तुमच्याच टर्नमध्ये एस:पी लिटल नाइट आणतो. मटेरियलमध्ये लिंक मॉन्स्टर असल्यामुळे तो तुमचं एक कार्ड बॅनिशही करतो, म्हणजे खेळाबाहेर काढतो. धोंड म्हणून दिलेला मॉन्स्टर त्याच्या हातात दगड बनला, आणि जाता जाता १००० डॅमेजही वाचलं. म्हणून इथे मी मास्करेना आणि सिंक्रो उचलेन, परिणाम न होणारा बॉस राहू देईन, जर तो नुसताच मोठा असेल आणि माझं काही अडवत नसेल तर. जो तुमच्या टर्नमध्ये काहीतरी करू शकतो तो आधी. जो नुसता उभा आहे तो नंतर.

ग्रेव्हयार्डमध्ये गेल्यावर जागे होणारे मॉन्स्टरही तपासून घ्या. फायर डेकांविरुद्ध तर विशेषच. प्रोमिथियन प्रिन्सेस ग्रेव्हयार्डमध्ये असताना तुम्ही मॉन्स्टर स्पेशल समन केलात, तर समोरचा स्वतःचा एक फायर मॉन्स्टर आणि तुमचा एक मॉन्स्टर नष्ट करून तिला परत आणू शकतो. आता विचार करा, त्याच्या फील्डवर तो फायर मॉन्स्टर कोण ठेवला? तुम्हीच. गोलेम फायर आहे. प्रिन्सेसला उचलायचं असेल तर समोरच्याच्या हवाली फायर नसलेला मॉन्स्टर करणं बरं, म्हणजे गोलेमही नको आणि डोगोरानही नको.

यावरून तुमच्या पहिल्या मित्राच्या मुद्द्याकडे येतो: 'फायरचाच आहे.' ॲट्रिब्यूट जुळलं म्हणून कार्ड डेकात बसतं असं नाही. जुळणं म्हणजे डेकातली इतर कार्डं त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजेत. बॉनफायर शोधतं लेव्हल ४ किंवा खालचा पायरो. गोलेम लेव्हल ८चा फीन्ड. यूएफओ टर्टल आणतो १५०० किंवा कमी अटॅकचा फायर. रीकिंडलिंगला हवा डिफेन्स बरोबर २००. ब्लेझ ॲक्सिलरेटरला हातातून हवा ५०० किंवा कमी अटॅकचा पायरो. यातल्या एकाही दारातून गोलेम आत येत नाही. फायर ॲट्रिब्यूट आणि पायरो टाइप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चित्रातल्या ज्वाळा बघून लोक त्या हमखास एक धरतात. ॲश ब्लॉसमही फायर आहे, पण टाइप झोंबी, म्हणून बॉनफायर तिलाही आणत नाही. फ्लॅमव्हेल किंवा लव्हाल खेळणाऱ्यांना विचारा, ते कार्ड हातात घेतल्यावर अटॅकच्या आधी डिफेन्स बघतात, २०० आहे का म्हणून. डेकाशी नातं ठरतं ते अशा कोपऱ्यातल्या आकड्यांवर.

फायर असण्याचा उपयोग अगदीच नाही असं मात्र नाही. सुपर पॉलिमरायझेशन दोन्ही फील्डवरचे मॉन्स्टर फ्यूजनसाठी घेऊ शकतं. मड्रॅगन ऑफ द स्वॉम्पला हवेत एकाच ॲट्रिब्यूटचे पण वेगळ्या टाइपचे दोन मॉन्स्टर. समोरचा गोलेम फायर फीन्ड, तुमचा जवळपास कुठलाही व्होल्कॅनिक फायर पायरो. जमलं! तुमच्या बाजूला फ्यूजन, समोरचं फील्ड आणखी एकाने मोकळं. पण मोजा: गोलेम, सुपर पॉलिमरायझेशन, त्याच्यासाठी टाकायचं एक कार्ड, आणि फील्डवर एक व्होल्कॅनिक, तोही नॉर्मल समनशिवाय आणलेला. जमलं तर अख्खी बैठक वाहवा करेल, पण यावर डेक बांधू नका. ओनर्स सील वापरून गोलेम स्वतःकडे परत घेण्याची जुनी युक्तीही त्याच जातीची. समोरचे दोन गेले, गोलेम तुमच्याकडे आला, ३०००चा अटॅक मोकळ्या फील्डवर. दोन कार्डं एकत्र हातात आली तर सुंदर, आणि एकटं ओनर्स सील हातात आलं तर कोऱ्या कागदासारखं.

आता शेवटचा प्रश्न, कधी कुजतं. तुम्ही पहिले खेळताय तेव्हा समोर मॉन्स्टरच नाहीत, त्यामुळे गोलेम म्हणजे पाचऐवजी चार कार्डांनी सुरुवात. पहिल्या खेळाडूला २०१४पासून पहिल्या टर्नला ड्रॉही नाही, म्हणून हा तोटा भरून निघत नाही. समोर एकच मॉन्स्टर असेल तरीही कुजतं. तुम्ही जिंकत असाल तेव्हा तर ते हातातलं नकोसं कार्ड असतंच. ज्याचा उपयोग फक्त मागून (दुसरे) खेळताना आणि फक्त भरलेल्या फील्डपुढे होतो, त्याची जागा साइड डेकातच. पहिल्या डुएलनंतर समोरचा काय खेळतो ते कळलेलं असतं, पुढचं डुएल तुम्हाला मागून खेळायचंय हेही बहुतेक वेळा माहीत असतं, तेव्हा आत घ्या.

किती? ४० कार्डांचा डेक, मागून खेळताना ड्रॉ धरून सहा कार्डं दिसतात. एक कॉपी असेल तर ती दिसण्याची शक्यता १५ टक्के. दोन असतील तर सुमारे २८, तीन असतील तर सुमारे ३९. तिसऱ्या कॉपीने ११ टक्के वाढतात, पण त्याबरोबर हातात दोन किंवा तिन्ही गोलेम येण्याची शक्यता पाचेक टक्के होते. दोन्ही गोलेम समोर उभे राहायचे तर समोर चार मॉन्स्टर हवेत. तसे असतील तर एकाच टर्नला दोन्ही टाकता येतात, त्याला मनाई नाही, आणि समोरच्याला एका स्टँडबायला २००० बसतात. पण त्या आशेवर तिसरी कॉपी ठेवू नये. साइड डेकात जागा फक्त १५. दोन गोलेम आणि जोडीला एक डोगोरान हे मिश्रण मला जास्त पटतं, कारण एकटा बॉस समोर असेल तेव्हा गोलेम मुका आणि डोगोरान बोलका.

आत घ्यायच्या आधी एक चाचणी घरीच करा. डेकातून सहा-सहा कार्डांचे हात काढत जा आणि प्रत्येक हातात असं धरा की या टर्नला नॉर्मल समन नाही. किती हात तरीही काहीतरी करू शकतात? निम्म्याहून जास्त हात अडले, तर गोलेम तुमच्यासाठी नाही, तो जागतिक दर्जाचा असला तरी. तेव्हा गोलेम सोडा आणि तीन डोगोरान ठेवा. हात चालत असतील तर गोलेम टाकायची वेळ टर्नच्या अगदी सुरुवातीची, दुसरं काहीही ॲक्टिव्हेट करायच्या आधी. समोरचे अडवणारे गेले की मग तुमचे स्पेल. उलट क्रमाने केलंत तर तुमची चांगली कार्डं आधीच रद्द झालेली असतात.

आणि उद्या कुणी हाच गोलेम तुमच्यावर टाकला तर घाईने त्याला खपवू नका. १००० तर बसलेच आहेत. डिफेन्समध्ये असेल तर पोझिशन बदला, त्याच्याच मालकावर ३०००चा अटॅक करा आणि मेन फेज २मध्ये (अटॅकनंतरच्या टप्प्यात) त्याला लिंकचं मटेरियल करा. लेव्हल ८चा आणखी एक मॉन्स्टर असेल तर रँक ८चा एक्सीझही होतो. फक्त लाइफ पॉइंट १००० किंवा त्याखाली असतील तर हा सगळा विचार सोडा, कारण तुमचा मेन फेज येणारच नाही. त्या स्थितीत गोलेम समोरच्याच्याच टर्नमध्ये फील्डवरून हलवावा लागतो, आणि त्यासाठी मास्करेनासारखं काहीतरी आधीच मांडून ठेवलेलं असावं लागतं.